प्लास्टिकसाठी ज्वालारोधक कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपाउंडर, मोल्डर, केबल आणि फोम बनवणारे, शिवाय खरेदी विभागात दोन डेटाशीट शेजारी ठेवून डोकं धरून बसलेले, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जमेल तिथे उत्तर आकड्यांत दिलं आहे. पण हे आकडे ट्रायल कुठून सुरू करायची ते सांगण्यापुरते आहेत, तयार फॉर्म्युला म्हणून उचलू नका.

### सगळ्यात चांगलं ज्वालारोधक कोणतं?

प्रश्न असा विचारला की उत्तर चुकणारच. केबलच्या कंपाउंडमध्ये उत्तम चालणारं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड नायलॉनच्या तापमानाला एक्स्ट्रूडरमध्येच (माल वितळवून ढकलणारं यंत्र) पाणी सोडून बसतं. नायलॉनमध्ये झकास काम करणारं मेलामाइन सायन्युरेट पीपीत (पॉलिप्रॉपिलीन) जवळपास वाया जातं.

आधी चार गोष्टी पक्क्या करा: पॉलिमर कोणता, वस्तूची सर्वांत पातळ भिंत किती मिलिमीटरची, ग्राहक कोणती चाचणी मागतोय आणि माल कोणत्या तापमानाला वितळवला जाणार. त्यानंतर रंग काय, वस्तू उन्हात राहणार का, विजेच्या जोडांना टेकणार का, कोणत्या देशात विकली जाणार, हे पाहा. एवढं कागदावर आलं की मोजके दोन-तीन पर्याय उरतात. रसायनाचं नाव शेवटी येतं आणि भाव त्याच्याही नंतर.

### ज्वालारोधक घातलं की प्लास्टिक पेटतच नाही का?

पेटतं. ज्वालारोधकाचं काम ठिणगी, तापलेला जोड, छोटी ज्योत यांच्यापुरतं असतं. पेट घ्यायला उशीर होतो, आग सावकाश पसरते आणि ज्योत बाजूला केली की वस्तू आपोआप विझते. खोलीभर आग लागली असेल तर तोच माल जळणारच. म्हणून विक्रीच्या कागदावर ‘न जळणारं’ असं लिहू नये. ‘इतक्या जाडीला व्ही-०’ असं लिहावं (व्ही-० ही ज्वलनचाचणीतली श्रेणी, पुढे सविस्तर येते). तेवढंच सिद्ध करता येतं.

### ही रसायनं नेमकं काय करतात?

जळतं ते प्लास्टिक नव्हे, त्यातून सुटणारे वायू. उष्णतेने पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, ज्वलनशील वायू सुटतात, ते हवेत पेटतात आणि त्या ज्योतीची उष्णता परत पृष्ठभागावर येऊन आणखी साखळ्या तोडते. हे चक्र कुठेतरी तोडायचं असतं आणि कुठे तोडायचं त्यावरून रसायनांचे गट पडतात.

ब्रोमिन आणि क्लोरीन ज्योतीतच काम करतात. तापल्यावर त्यांच्यापासून हायड्रोजन ब्रोमाइड किंवा क्लोराइड सुटतं आणि ज्योत चालती ठेवणारे हायड्रोजन व हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडतं. अँटिमनी ट्रायऑक्साइड एकटं घातलं तर फारसं काही करत नाही. हॅलोजनशी संयोग होऊन त्याचं वायुरूप संयुग बनतं आणि ते ज्योतीत पोचतं, तेव्हा खरा परिणाम दिसतो. ब्रोमिनयुक्त रसायन आणि अँटिमनी साधारण तीनास एक या वजनी प्रमाणात घालायची प्रथा त्यातूनच आली.

फॉस्फरसचा भर घन पृष्ठभागावर असतो. त्यापासून बनणारी फॉस्फरिक आम्लं पॉलिमरमधून पाणी काढून घेतात आणि वर कोळशाचा थर तयार होतो. खाली वायू बनणं मंदावतं, जे बनतात त्यांना बाहेर पडायला वाट मिळत नाही. मात्र त्यासाठी पॉलिमरमध्ये ऑक्सिजन असावा लागतो. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिकार्बोनेट, पॉलियुरेथेन, कापूस यांत तो आहे. पीपी आणि पॉलिथिलीनमध्ये नाही. तिथे कोळसा बनवायला लागणारा कच्चा माल बाहेरून द्यावा लागतो. फुगणारी, म्हणजे इंट्युमेसंट, प्रणाली हेच करते: अमोनियम पॉलिफॉस्फेट आम्ल देतं, पेंटाएरिथ्रिटॉल कार्बन देतं, मेलामाइन वायू सोडून सगळं फुगवतं. ज्योत लावली की पट्टीवर काळा, हलका, छिद्राळ फेस उभा राहतो. तो बोटाने दाबल्यावर कुस्करतो, पण त्याखालचं प्लास्टिक बहुतेक वेळा जसंच्या तसं सापडतं.

तिसरा गट हायड्रॉक्साइडांचा. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड सुमारे २०० अंश सेल्सिअसला फुटू लागतं आणि वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के पाणी सोडतं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३०० अंशांच्या वर फुटतं आणि सुमारे ३१ टक्के सोडतं. पाणी सुटताना उष्णता खेचली जाते, वाफेने ज्वलनशील वायू विरळ होतात आणि मागे ऑक्साइडचा थर उरतो.

### हायड्रॉक्साइड स्वस्त आणि धूर कमी करणारं आहे. मग सगळीकडे तेच का वापरत नाहीत?

कारण ते पोत्याने घालावं लागतं. पॉलिथिलीन किंवा ईव्हीएच्या (इथिलीनचाच एक मऊ पॉलिमर) केबल कंपाउंडमध्ये वजनाने ५५ ते ६५ टक्के हायड्रॉक्साइड असतं; म्हणजे निम्म्याहून जास्त माल खनिज. एवढ्या प्रमाणाला वितळलेला माल जड वाहतो, लांबणूक (तुटण्याआधी किती ताणतो ते) घसरते, थंडीत तडे जातात. सिलेन लावलेला ग्रेड किंवा मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेला पॉलिमर घालून बरंचसं भरून काढता येतं, सगळं नाही.

दुसरी अडचण तापमानाची. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड घातलेला माल २०० अंशांच्या वर नेला की एक्स्ट्रूडरमधून बाहेर येणारी दोरी फुगलेली, आतून पोकळ दिसते. पीपीला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड चालतं. नायलॉन ६६ तर २८० अंशांच्या आसपास वितळवलं जातं, तिथे अ‍ॅल्युमिनियमचं नाव काढू नये.

आणि भावाचा हिशेब. साच्यात माल घनफळाने भरतो, बिल मात्र किलोवर येतं. ईव्हीएमध्ये ६० टक्के अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड घातलं की कंपाउंडची घनता ०.९४ वरून सुमारे १.५ वर जाते. त्याच केबलला किलोच्या हिशेबाने दीडपटीहून जास्त माल लागतो. दोन ग्रेडची तुलना करताना दर किलोचा भाव घनतेने गुणून लिटरचा भाव काढा, मगच स्वस्त-महाग ठरवा. हे न करता घेतलेले निर्णय पुष्कळ दिसतात.

### व्ही-० म्हणजे नक्की काय?

यूएल ९४ या मानकातली उभ्या पट्टीची श्रेणी. १२५ मिलिमीटर लांब आणि १३ मिलिमीटर रुंद पट्टी वरून चिमट्यात धरून उभी टांगतात. खाली ३०० मिलिमीटरवर कापसाचा थर पसरलेला असतो. २० मिलिमीटरची निळी ज्योत पट्टीच्या खालच्या टोकाला १० सेकंद लावतात, काढतात आणि पट्टी किती वेळ जळते ते मोजतात. विझली की लगेच पुन्हा १० सेकंद. अशा पाच पट्ट्या. एकेका ज्योतीनंतरचं जळणं १० सेकंदांच्या आत, पाचही पट्ट्यांची दहा जळणी मिळून ५० सेकंदांच्या आत, दुसऱ्या ज्योतीनंतर जळणं आणि निखारा मिळून ३० सेकंदांच्या आत, आणि खाली पडलेल्या थेंबाने कापूस पेटता कामा नये. हे सगळं जमलं तर व्ही-०. व्ही-१ मध्ये १० चे ३० आणि ५० चे २५० सेकंद होतात. व्ही-२ ला वेळ व्ही-१ इतकाच, पण जळता थेंब पडून कापूस पेटला तरी चालतो.

पट्ट्यांचे दोन संच लागतात. एक २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवलेला, दुसरा ७० अंशांच्या ओव्हनमध्ये १६८ तास ठेवलेला. कारखान्यातल्या घरगुती चाचणीत ओव्हनचा संच गाळण्याची सवय फार आहे. रसायन पृष्ठभागावर येणारं असेल तर नेमकं तिथेच पितळ उघडं पडतं.

श्रेणीला जाडीशिवाय अर्थ नाही. ३.२ मिलिमीटरला व्ही-० असलेला माल १.६ ला व्ही-२ असू शकतो आणि ०.८ ला कुठेच बसत नाही. डेटाशीटवर नुसतं ‘व्ही-०’ छापलेलं असेल तर पहिला फोन जाडी विचारायला करा.

### मग व्ही-२ म्हणजे कमी दर्जाचा माल समजायचा का?

नाही. ठिबकणारा थेंब उष्णता आणि ज्योत दोन्ही घेऊन खाली जातो, वरची वस्तू विझते. पीपी आणि पॉलिस्टायरीनमध्ये थोड्या डोसमध्ये व्ही-२ मिळतं ते याच मार्गाने, आणि माल बराचसा मूळ गुणांचा राहतो. खाली पेटण्यासारखं काही नसेल आणि मानकाला व्ही-२ पुरत असेल तर उगाच व्ही-० च्या मागे लागून पैसा आणि ताकद घालवू नये.

### एलओआय जास्त आहे, म्हणजे व्ही-० मिळणार ना?

खात्री नाही. पट्टी जेमतेम जळत राहायला ऑक्सिजनचं प्रमाण किती टक्के लागतं, तो आकडा म्हणजे एलओआय. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. पॉलिथिलीन, पीपी १७-१८ वर जळतात, नायलॉन ६६ ला २४ च्या आसपास लागतो, पॉलिकार्बोनेटला २६ च्या आसपास, कडक पीव्हीसीला ४० च्या पुढे. पण ही पट्टी वरून पेटवतात आणि ती मेणबत्तीप्रमाणे खाली जळत जाते. यूएल ९४ मध्ये ज्योत खालून लागते. दोन्हींची गणितं वेगळी. रोजच्या बॅचवर नजर ठेवायला एलओआय सोयीचा आहे, मंजुरी मिळवायला नाही.

### यूएल ९४ झाली की बाकी चाचण्या लागत नाहीत, बरोबर?

ते वस्तू कुठे जाणार त्यावर आहे. देखरेखीविना चालणाऱ्या घरगुती विद्युत उपकरणांत, ०.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहाच्या जोडांजवळच्या भागांना ग्लो-वायर, म्हणजे लाल तापलेली तार टेकवण्याची चाचणी, लागते. तिथे ८५० आणि ७७५ अंश हे दोन आकडे कायम समोर येतात. पहिल्यात लाल तापलेली तार दूर केल्यावर माल विझला की पुरतं. दुसऱ्यात तो मुळात पेट घेता कामा नये. उत्तम व्ही-० ग्रेडसुद्धा या दुसऱ्या आकड्यावर आपटतात. विझवण्यात पटाईत असलेलं रसायन पेट घेणं रोखेलच असं नाही.

रेल्वेच्या डब्यांसाठी युरोपात ईएन ४५५४५-२ लागू होतं. त्यात उष्णता सुटण्याचा वेग, धुराची दाटी आणि विषारी वायू मोजले जातात, त्यामुळे ब्रोमिन-अँटिमनीची जोडी तिथे सहसा मागे पडते. केबलला धूर आणि आम्लवायूच्या आपल्या वेगळ्या चाचण्या आहेत. कनेक्टर, स्विच, टर्मिनल ब्लॉक असेल तर सीटीआयही विचारा. ओल आणि धूळ बसलेल्या पृष्ठभागावर वीज किती व्होल्टला वाट काढते ते हा आकडा सांगतो. ब्रोमिनच्या ग्रेडमध्ये तो बऱ्याचदा खाली येतो, फॉस्फिनेटच्या (फॉस्फरसचं एक संयुग) ग्रेडमध्ये ६०० व्होल्ट मिळतात.

### पीपीसाठी काय घ्यावं?

व्ही-२ पुरेसं असेल तर टेट्राब्रोमोबिसफेनॉल-एचा डायब्रोमोप्रोपिल ईथर आणि थोडं अँटिमनी, दोन्ही मिळून काही मोजके टक्के. हे रसायन पीपीच्या तापमानाला वितळतं, त्यामुळे मिसळायला सोपं. मात्र डोस वाढवला तर काही आठवड्यांत वस्तूवर पांढुरकी पावडर येते.

व्ही-० हवं आणि ब्रोमिन चालत असेल तर डेकाब्रोमोडायफिनाइल ईथेन आणि अँटिमनी. ब्रोमिन नको असेल तर अमोनियम पॉलिफॉस्फेटवर किंवा पिपराझिन पायरोफॉस्फेटवर आधारलेली फुगणारी प्रणाली, साधारण २० ते ३० टक्के. या मालाला पाण्याची भीती असते. एक्स्ट्रूडरनंतरच्या पाण्याच्या टाकीत दाणे जास्त वेळ राहिले तर ते हाताला चिकट लागतात आणि पुढे वस्तूची इन्सुलेशन क्षमता घसरते. हवेवर थंड करणं शक्य असेल तर तसंच करा.

### ब्रोमिनवाल्या पीपीत थोडं चॉक टाकून खर्च वाचवता येईल का?

इथे व्ही-० हातचं जातं. कॅल्शियम कार्बोनेट अल्कधर्मी आहे. ज्योतीत जायला निघालेलं हायड्रोजन ब्रोमाइड वाटेतच त्याला भेटतं आणि कॅल्शियम ब्रोमाइड होऊन राखेत अडकतं. म्हणजे महागडं ब्रोमिन विकत घ्यायचं आणि स्वस्त चॉककडून पकडवून ठेवायचं. टाल्क या बाबतीत बरंच निरुपद्रवी आहे. कंपाउंड ‘कालपर्यंत पास होत होतं’ अशी तक्रार आली की आधी बघावं, रंगाच्या मास्टरबॅचमध्ये (प्लास्टिकमध्ये आधीच दाट मिसळलेल्या रंगाचे दाणे) चॉक आहे का. रंगवाल्याला ज्वालारोधकाचा पत्ताच नसतो, आणि फॉर्म्युल्यावर संशय घेत आठवडा निघून जातो.

### नायलॉनसाठी?

काचतंतू आहेत की नाहीत, यावर सगळं अवलंबून आहे. बिनतंतूच्या नायलॉनमध्ये ६ ते १० टक्के मेलामाइन सायन्युरेट पुरतं: स्वस्त, पांढरं, विद्युत गुण चांगले. तंतू आले की हे गणित कोलमडतं. मेलामाइन सायन्युरेट माल ठिबकवून विझवतं, आणि तंतू वातीचं काम करतात: वितळलेला माल धरून ठेवतात आणि ज्योतीला पुरवत राहतात.

तंतूवाल्या नायलॉन ६६ ला अ‍ॅल्युमिनियम डायइथाइल फॉस्फिनेट आणि मेलामाइन पॉलिफॉस्फेटची जोडी, सोबत किंचित झिंक बोरेट, ही आज रुळलेली वाट आहे. एकूण १५ ते २० टक्के. ब्रोमिनच्या बाजूला ब्रोमिनेटेड पॉलिस्टायरीन आणि अँटिमनी. प्रवाहीपणा आणि उष्णता सहन करणं यात ते अजून दमदार आहे.

लाल फॉस्फरस हा तिसरा. ५ ते ८ टक्क्यांत पातळ जाडीलाही व्ही-०, यांत्रिक गुण उत्तम. अडचणी दोन. रंग लाल-तपकिरी किंवा काळाच मिळतो, आणि ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फीन हा विषारी वायू सुटू शकतो. हॉपरजवळ कुजक्या लसणासारखा वास आला तर मशीन थांबवा, हवा खेळती करा आणि माल कसा वाळवला होता ते तपासा. उघडी पावडर कारखान्यात आणूच नये. आवरण दिलेला माल मास्टरबॅचच्या रूपात घ्यावा.

### पॉलिकार्बोनेट आणि पीसी/एबीएस (पॉलिकार्बोनेट आणि एबीएस प्लास्टिकचं मिश्रण)?

पॉलिकार्बोनेट स्वतःच बऱ्यापैकी विझणारं. पोटॅशियम परफ्लुरोब्युटेन सल्फोनेट ०.१ टक्क्याहूनही कमी घातलं तरी व्ही-० मिळतं आणि पारदर्शकता टिकते. इतक्या कमी डोसची उदाहरणं विरळच. मात्र हे रसायन पीफास कुटुंबातलं (निसर्गात सहसा न विघटणारी फ्लोरिनची रसायनं) असल्यामुळे ग्राहक पर्याय मागू लागले आहेत.

पीसी/एबीएसमध्ये द्रव फॉस्फेट, त्यातही बिसफेनॉल-ए बिस डायफिनाइल फॉस्फेट, ८ ते १५ टक्के. हे प्लॅस्टिसायझरसारखं वागतं: माल छान वाहतो, पण उष्णतेला वाकण्याचं तापमान चांगलंच खाली येतं. तापणाऱ्या वस्तूला ग्रेड निवडताना तो आकडा आधी पाहा. थेंब पडू नये म्हणून ०.३ ते ०.५ टक्के पीटीएफई (टेफ्लॉन) घालतात. ते जाळं विणून वितळलेला माल धरून ठेवतं. तेही फ्लोरिनचंच, म्हणजे पीफासचा प्रश्न इथेही आलाच.

### पीव्हीसी स्वतःच विझतं. त्याला कशाला?

कडक पीव्हीसीला सहसा नाही लागत. त्यात वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन आहे. लवचीक पीव्हीसीत ५०-६० भाग प्लॅस्टिसायझर ओतला की जळायला तेल मिळतं. तिथे अँटिमनी ट्रायऑक्साइड, फॉस्फेट प्लॅस्टिसायझर, अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, धुरासाठी झिंक बोरेट किंवा मॉलिब्डेटं. हायड्रोजन क्लोराइडचा वायू मात्र यातून टळत नाही.

### फोम, कापड आणि सर्किट बोर्डाचं काय?

पॉलियुरेथेन फोममध्ये द्रव क्लोरोफॉस्फेट, मुख्यतः टीसीपीपी, आजही सर्वाधिक चालतं. मेलामाइन आणि तापल्यावर फुगणारं ग्रॅफाइट हे पर्याय आहेत, पण घन कण पॉलिऑलमध्ये (फोमचा द्रव कच्चा माल) तळाला बसतात आणि पंप झिजवतात. थर्माकोलमध्ये पूर्वी हेक्झाब्रोमोसायक्लोडोडेकेन असायचं, आता त्याच्या जागी ब्रोमिन जोडलेला स्टायरीन-ब्युटाडाईनचा पॉलिमर आला आहे. रेणू मोठा असल्यामुळे तो बाहेर झिरपत नाही.

कापडात पहिला प्रश्न धुण्याचा. पाण्यात विरघळणारे फॉस्फेट आणि बोरेट क्षार पडद्यांपुरते ठीक, एका धुण्यात निघून जातात. कामगारांच्या कपड्यांना सुती धाग्यात पक्की बसणारी फॉस्फरसची प्रक्रिया लागते.

सर्किट बोर्डातल्या इपॉक्सीत टेट्राब्रोमोबिसफेनॉल-ए साखळीलाच जोडलेलं असतं, वरून मिसळलेलं नसतं. त्यामुळे ते बाहेर येत नाही. हॅलोजनमुक्त बोर्डात त्याची जागा डोपो नावाचं फॉस्फरस संयुग घेतं.

### कोणत्या रसायनांना हात लावू नये?

पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल आणि डायफिनाइल ईथर विद्युत उपकरणांत ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नकोत, हा युरोपचा रोह्स नियम जुलै २००६ पासून लागू आहे. स्टॉकहोम कराराच्या (टिकाऊ प्रदूषकांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत पेंटा आणि ऑक्टा प्रकारच्या मिश्रणांमधले ईथर २००९ मध्ये, हेक्झाब्रोमोसायक्लोडोडेकेन २०१३ मध्ये, डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर आणि लहान साखळीचे क्लोरिनेटेड पॅराफिन २०१७ मध्ये, डिक्लोरेन प्लस २०२३ मध्ये आणि मध्यम साखळीचे क्लोरिनेटेड पॅराफिन २०२५ मध्ये आले. डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर आणि ईथेन ही नावं सारखी वाटतात, रसायनं वेगळी आहेत. ऑर्डरवर नावासोबत कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) लिहाच.

युरोपच्या रीच या रसायन-नियमाच्या यादीत अतिचिंतेचे पदार्थ म्हणून टेट्राब्रोमोबिसफेनॉल-ए २०२३ मध्ये आणि ट्रायफिनाइल फॉस्फेट २०२४ मध्ये नोंदले गेले. यादीत येणं म्हणजे बंदी नव्हे, पण ग्राहकाला माहिती देण्याची जबाबदारी येते.

नाव आणि पोतं यांचा घोळ किती महाग पडतो याचा इतिहास या धंद्याला आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइलची पोती गुरांच्या खाद्यात घालायच्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जागी गेली. दोन्ही उत्पादनांची नावं जुळती होती आणि एकाच कारखान्यातून येत होती. हजारो गुरं मारावी लागली, दूध-मांसातून ते रसायन लोकांच्या शरीरात गेलं आणि संशोधक आजही त्या कुटुंबांचा अभ्यास करत आहेत.

### हॅलोजनमुक्त म्हणजे सुरक्षित, असं मानायचं का?

हॅलोजनमुक्त हे मोजमाप आहे, सुरक्षिततेचा दाखला नाही. सर्किट बोर्डांच्या मानकात क्लोरीन ९०० पीपीएम, ब्रोमिन ९०० पीपीएम आणि दोन्ही मिळून १५०० पीपीएमच्या आत, एवढीच व्याख्या आहे. वर उल्लेख केलेला ट्रायफिनाइल फॉस्फेट हॅलोजनमुक्तच आहे. याउलट मोठ्या रेणूचं ब्रोमिनयुक्त पॉलिमर बाहेर झिरपत नाही. आमचं मत विचाराल तर हॅलोजन आहे की नाही यापेक्षा रसायन मालातून बाहेर येतं का, शरीरात साठतं का, हे प्रश्न जास्त कामाचे. बंदिस्त जागेत धूर आणि आम्लवायूचा धोका असेल, म्हणजे बोगदे, जहाजं, सर्व्हर रूम, तिथे मात्र हॅलोजनमुक्तचा आग्रह रास्त आहे.

### अँटिमनी महाग झालंय. काढून टाकता येईल का?

पूर्ण काढणं अवघड. चीनने सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनीच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि भाव भडकले, तेव्हापासून हा प्रश्न रोजचा झाला आहे. अँटिमनीचा काही भाग झिंक बोरेट किंवा झिंक स्टॅनेटने बदलता येतो. नायलॉनमध्ये हे बऱ्यापैकी साधतं, पीपीत कमी. धूळ हा दुसरा मुद्दा: त्रिसंयुजी अँटिमनी माणसात कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं वर्गीकरण आहे. पावडर तोलणारा माणूस साध्या रुमालावर काम करत असेल तर ते आजच बंद करून मास्टरबॅच घ्या.

### वस्तू उन्हात वापरायची आहे. वेगळं काही?

हो. उन्हापासून वाचवणारी नेहमीची एचएएलएस रसायनं अल्कधर्मी असतात. ब्रोमिनच्या ग्रेडमधून सुटणारं आम्ल त्यांना निष्प्रभ करतं, म्हणून माल पिवळा पडतो आणि भुगा होतो. कमी अल्कधर्मी असलेला, अल्कॉक्सी गट जोडलेला प्रकार मागा. पातळ फिल्म आणि तंतूंमध्ये तो स्वतःही थोडंफार ज्वालारोधकाचं काम करतो.

### स्क्रू आणि साचे लवकर झिजतात, असं का?

ब्रोमिनची प्रणाली जास्त तापली किंवा बॅरलमध्ये थांबून राहिली की आम्ल सुटतं. फॉस्फिनेटवाला नायलॉनही धातू खातो, त्यात काचतंतू घासत असतात. गंजरोधक कडक पोलाद वापरा, तापमान ग्रेडच्या खालच्या टोकाला ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत माल बॅरलमध्ये ठेवून जाऊ नका. शिफ्टच्या शेवटी साध्या पीपी किंवा पॉलिथिलीनने मशीन धुऊन घ्या. साच्याच्या व्हेंटवर पांढरा थर दिसला तर आधी तापमान बघा, मग पुरवठादाराला बोला.

### रनरचा (साच्याच्या वाटेत गोठून उरलेला माल) भुगा परत वापरता येतो का?

बहुधा २५ टक्क्यांपर्यंत, पण त्या ग्रेडच्या यूएल नोंदीत काय लिहिलंय ते पाहून. फुगणाऱ्या प्रणालीचा माल दोन-तीनदा वितळवला की खालावतो. बाजारातून आलेला काळा भुगा ज्वालारोधक कामात घेऊ नका. जुन्या टीव्ही-संगणकांच्या कवचांतले बंदी असलेले ब्रोमिनचे ईथर त्यातून येतात. एक्सआरएफ बंदूक (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) ब्रोमिन आहे की नाही एवढंच सांगते, कोणतं ते प्रयोगशाळेतच कळतं.

### ट्रायल पास झाली. आता ज्वालारोधकाचा पुरवठादार बदलला तर पुन्हा चाचणी लागेल का?

कॅस क्रमांक तोच असला तरी लागेल. कणांचा आकार, वरचं आवरण, अमोनियम पॉलिफॉस्फेटच्या बाबतीत साखळीची लांबी आणि पाण्यात विरघळण्याचं प्रमाण, हे सगळं पुरवठादारागणिक बदलतं, आणि १.६ मिलिमीटरला काठावर पास होणारा माल तेवढ्याने नापास होतो. नव्या मालाच्या पट्ट्या जुन्या मालाच्या पट्ट्यांसोबत, एकाच दिवशी, एकाच माणसाने जाळाव्यात, ओव्हनच्या संचासह. यूएलची पिवळी नोंद (यलो कार्ड, म्हणजे मंजुरीचा दाखला) असेल तर कंपाउंडमधला बदल त्यांना कळवावा लागतो. आणि जुन्या लॉटची पंचवीस किलोची एक गोणी सीलबंद ठेवून द्या. पुढे तक्रार आली तर तुलनेला जुना माल हाताशी लागतो.